भुऱ्या पळून गेला नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वेळ आली नाही असं नाही, पुष्कळदा आली. दर वेळी तोंड उघडलं, भलतंच काहीतरी बोललो आणि मिटलं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस मी — दिवसभर बडबड करणं हाच धंदा. पण एवढी गोष्ट काही बाहेर आली नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, माझ्या घरी तुमचं येणंजाणं नाही, म्हणून कदाचित जमेल. बघतो.

कुत्र्यांपासून सुरू करतो. तेवढं सोपं आहे.

एके काळी निलंगा, उदगीर, अहमदपूर, लोहा — कुठल्या स्टँडवर कोणतं कुत्रं बसतं हे मला तोंडपाठ होतं. उदगीरला कँटीनच्या मागं एक कान फाटलेला तांबडा असायचा. निलंग्याला काळ्या तोंडाची कुत्री गाडीच्या सावलीत झोपायची आणि ड्रायव्हरनं चावी फिरवली की डोळे न उघडताच उठून बाजूला व्हायची. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. ड्रायव्हर रेडिएटरला पाणी घालायचा तेव्हा खाली चार थेंब सांडायचे, आणि ते चाटायला पाच-पाच कुत्री बंपरखाली माना घालायची. मी उभा राहून एकेकाला नीट बघायचो. रंग, कान, शेपटी, चाल. प्रवासी म्हणायचे, "मास्तर, लई जीव हाय तुमचा कुत्र्यावर."

जीव होता, ते खोटं नाही. पण मी बघायचो ते त्यासाठी नव्हे. मला रोज संध्याकाळी घरी जाऊन बायकोला काहीतरी सांगावं लागायचं, आणि त्यासाठी लागणारा मालमसाला मी त्या स्टँडवरून गोळा करत होतो.

आता पहिल्यापासून सांगतो.

भुऱ्या मला डेपोत सापडला. धुवायला लावलेल्या गाडीच्या मागच्या चाकाशी, डोळेही धड न उघडलेला. तिकिटांच्या पिशवीत घालून घरी आणला आणि गिरजाच्या ओटीत टाकला. गिरजा म्हणजे माझी बायको. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. लोक विचारायचे, ती उलट उत्तर द्यायची. तोंडाची फटकळ होती. खरं सांगायचं तर मी तिला जरा भिऊनच असायचो. घरात शेवटचा शब्द तिचा, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असायचा. त्याचा जास्त राग यायचा मला.

भुऱ्या मात्र दोघांचा होता. भाकरी तिच्या हातची खायचा, पण माझी गल्लीत येण्याची वेळ त्याला कळायची. मी कोपऱ्यावर आलो की तिकिटाचा पंच हवेत दोनदा वाजवायचो — टिक टिक. तेवढ्यावर तो घरातून बाणासारखा सुटायचा. "बस" म्हटलं की बसायचा आणि "चल" म्हणेपर्यंत हलायचा नाही. गिरजा म्हणायची, तुमच्या पॅसेंजरपेक्षा शहाणा आहे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नवे साहेब, नवे कारकून. सगळ्यांना राहायला जागा हवी आणि गावात रिकामी खोली नाही. आम्ही मन्मथअप्पांच्या वाड्यातल्या चौकात एका खोलीत भाड्यानं राहत होतो. अप्पांचं डाळीचं दुकान होतं. कपाळाला भस्म, बोलणं कमी, माणूस कडक पण वाईट नव्हे. चौकात पाच बिऱ्हाडं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकर आला की गल्लीच्या तोंडाशी बायकांची झुंबड. प्रत्येकाच्या दारात झाकून ठेवलेला हंडा, आणि त्याच्यावर घरच्या बाईची नजर.

त्या दिवशी सकाळी भुऱ्याच्या वाटग्यात पाणी घालायचं काम माझं होतं. रोजच असायचं. मी घातलं नाही. तांब्याभर पाणी होतं, त्यात मी दाढी केली. एवढीशी गोष्ट — तुम्हाला वाटेल, हे कशाला सांगतो? मला सांगावं लागतं, कारण दुपारपर्यंत तो तहानलेला राहिला तो माझ्यामुळं. दुपारी अप्पांच्या मंडळींनी हंडा भरून ओट्यावर ठेवला, झाकण आणायला आत गेल्या, आणि भुऱ्यानं हंड्यात तोंड घातलं.

आरडाओरडा झाला. अप्पांच्या मंडळींनी सगळ्यांसमोर तो हंडा उचलला आणि गटारीत पालथा केला. भरलेला हंडा! भांडी घासायला तरी ठेवा, असं कुणीतरी म्हणालं. पण त्या ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. पाणी गटारीतून जाताना चौकातल्या सगळ्या बायका बघत होत्या, आणि मग सगळ्यांनी गिरजाकडं बघितलं.

आमच्याकडं एक रीत आहे. आपल्या घरच्याची चूक झाली की समोरच्यानं बोलायच्या आत आपणच त्याला सगळ्यांदेखत बडवायचं. मग समोरच्याला बोलायला जागा राहत नाही आणि विषय मिटतो. पोरांना असंच मारतात. गिरजानं तेच केलं. हातात लाटणं होतं, ते भुऱ्याच्या पाठीत घातलं. एकदाच. तो किंचाळला आणि आमच्या खाटेखाली जाऊन बसला. मी साप्ताहिक सुटीच्या आदल्या दिवशी लवकर आलो होतो, दारात उभा राहून बघत होतो. पाणी मी ठेवलं नव्हतं, हे त्या वेळी म्हणता आलं असतं. म्हणालो नाही.

संध्याकाळी मन्मथअप्पांनी मला दाराबाहेर गाठलं. "मास्तर," ते म्हणाले, "एक तर कुत्रं ठिवा, न्हाई तर खोली. कचेरीतली मान्सं रोज दारात उभी हायत खोलीसाठी."

हे मी गिरजाला सांगितलं नाही. का? — सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला पक्कं माहीत होतं. "मग सोडा खोली," असं म्हणून तिनं भांडी बांधायला घेतली असती. आणि मला खोली सोडायची नव्हती. डेपो जवळ, बाजार जवळ. मला उन्हातान्हात जागा शोधत फिरायचं नव्हतं. दुसरं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी मला सुटी होती. तरी मी खाकी चढवली, ड्युटीवर जातो म्हणालो. गिरजा टँकरच्या रांगेत गेली तेवढ्यात पंच वाजवला, टिक टिक. भुऱ्या खाटेखालून निघाला आणि शेपटी हलवत माझ्यामागं आला. बाजार समितीपर्यंत कुठं चाललोय, कशाला चाललोय, त्याला काही नाही. माझ्याबरोबर फिरायला मिळतंय याचाच आनंद.

तिथं नांदेडला माल नेणारा एक ट्रक होता; ड्रायव्हर ओळखीचा नव्हता म्हणून मुद्दाम तोच निवडला. कुत्रं दूर सोडायचं तर त्याला रस्ता दिसू द्यायचा नसतो, पोत्यात घालून न्यायचं असतं — हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी पोतं सोबत घेतलं होतं. डेपोतला एक म्हातारा ड्रायव्हर एकदा असंही म्हणाला होता, की नदी ओलांडून सोडावं, पाण्यानं वास तुटतो, मग कुत्रं परत येत नाही. म्हणून मी नांदेडचा रस्ता धरला. अहमदपूर मागं पडलं, मन्याड आली. नदीत पाण्याचा थेंब नव्हता. नुसती वाळू, आणि झिरे खणून त्यात वाट्या घेऊन बसलेल्या बायका. मी ट्रकच्या केबिनमध्ये बसून विचार करतोय — कोरडी नदी चालते का? वास तुटतो का नाही? हे कुणाला विचारणार? शेवटी खात्रीसाठी आणखी पुढं गेलो.

लोह्याच्या अलीकडं एक फाटा आहे. नाव सांगत नाही. तिथं चहाचं एक टपरं, एक लिंबाचं झाड आणि बंद पडलेला हापसा होता. मी पोतं सोडलं. भुऱ्या बाहेर आला, अंग झाडलं, आणि माझ्या पायाशी येऊन उभा राहिला. पोत्यात घातल्याचा रागही नाही! मी त्याला लिंबाखाली नेलं. "बस," म्हणालो.

तो बसला.

लातूरकडं जाणारी जीप आली. मी चढलो. खिशात पंच होता, तो वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरून ठेवला होता. जीप हलली. तो बसूनच होता. मी "चल" म्हणालो नव्हतो ना.

आता तुम्ही म्हणाल, कुत्रं सोडणारा तू पहिला नाहीस. खरं आहे. त्या उन्हाळ्यात माणसांनी दावणीची जनावरंसुद्धा सोडली. एवढंच असतं तर मी हे सांगायला बसलो नसतो.

घरी जाईपर्यंत मी एक गोष्ट जुळवली होती — भुऱ्या एका ट्रकमागं पळत गेला, चौकातल्या कुणीतरी बघितलं, वगैरे. पण ती सांगायची गरजच पडली नाही. गिरजा उंबऱ्यात बसली होती. सगळा मोहल्ला पालथा घालून आली होती, पायांवर धूळ. मला बघून म्हणाली, "काल मी मारलं त्याला. म्हनून गेला त्यो. मुका जीव, त्याला राग न्हाई का येत?"

मी खाली बघितलं. बूट काढले.  तुमच्या लक्षात येतंय का? मला खोटं बोलावंच लागलं नाही. खोटं तिनंच तयार करून माझ्या हातात दिलं आणि मी ते घेतलं.

चार दिवसांनी मन्मथअप्पा दारात आले. हातात एक दगडी कुंडी होती. "कुत्रं दिसंना व मास्तर? मी रागात बोललो. ही ठिवा भायेर, म्हंजी हंड्याकडं जायचं न्हाई त्ये." गिरजा आत रडत होती. अप्पांना ते ऐकू आलं, ते कुंडी ठेवून गेले.

तेव्हा आणता आलं असतं. अर्ध्या दिवसाचा रस्ता. अहमदपूरच्या स्टँडवर दिसला म्हणून धरून आणला, एवढं म्हटलं असतं तरी गिरजानं मला देवासारखं ओवाळलं असतं. मग का नाही आणला? वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो, की पकडलं जायची भीती होती. ते अर्धंच खरं आहे.

दुसरं अर्धं असं — गिरजा बदलली होती. भुऱ्या गेल्यापासून तिचा आवाज खाली आला होता. भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तर "हाव, चुकलंच" म्हणायची. पूर्वी म्हणाली असती, मग तुम्ही करा उद्या. जेवायला मी आधी बसायचो, ती मागून. मी रागावलो तर ती गप्प व्हायची, कारण रागावून मारल्यावर काय होतं हे तिनं बघितलं होतं असं तिला वाटत होतं. आणि मला ते — कसं सांगू — बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात माझा शब्द चालत होता. भुऱ्या परत आला असता तर तिची मान परत वर झाली असती. हे मी तेव्हा इतकं स्पष्ट मनात आणलं नव्हतं. पण कुंडी दारात तशीच कोरडी राहिली आणि मी फाट्यावर गेलो नाही.

रोज संध्याकाळी ती विचारायची, "आज दिसला का वो कुठं? तुमी एवढी गावं हिंडता." मग मी सांगायचो. उदगीरला एक होता, पण कान फाटका. निलंग्याला हुबेहूब, पण कुत्री निघाली. ती मन लावून ऐकायची. "शेपटीचं टोक पांढरं होतं का? नीट बगितलं का?" नुसतं "नाही दिसला" म्हटलं असतं तर तिला पटलं नसतं, म्हणून मी खरी कुत्री बघून खरे तपशील आणायचो. आणि बघता बघता असं झालं, की मलाच भुऱ्याची आठवण यायला लागली. गंमत नाही करत. कुठल्याही पिवळट कुत्र्यानं मान वळवली की मी तिकिटं फाडायचा थांबायचो. गल्लीच्या कोपऱ्यावर हात आपोआप पंचाकडं जायचा आणि मी तो मागं घ्यायचो. ज्याला मी स्वतः सोडून आलो, त्याला मी वीस स्टँडवर शोधत होतो!

मग ड्युट्या बदलल्या. जिल्ह्याचं गाव झालं म्हणून लातूरहून लांबच्या नव्या गाड्या सुरू झाल्या होत्या. मी तो फाटा निवडला त्याला आणखी एक कारण होतं, नांदेडच्या रस्त्यावर अहमदपूरच्या पुढं मला कधी ड्युटी नव्हती. एका सोमवारी बोर्डावर माझं नाव लातूर–नांदेड गाडीपुढं लागलं. मी दुसऱ्या कंडक्टरची मनधरणी केली, पोटदुखीचं सोंग केलं. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी जावं लागलं.

फाटा आला. टपरं, लिंब, हापसा. गाडी थांबली आणि लिंबाखालून तो उठला.

बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळला होता. पाठीवरचे केस गेले होते. तो दाराशी आला, उतरणाऱ्या माणसांचे पाय हुंगले, वर बघितलं. मी पुढं ड्रायव्हरच्या मागं गर्दीत जाऊन तिकिटं फाडत होतो. पंच खिशात कोंबला होता. गाडी हलल्यावर मागच्या काचेतून बघितलं — तो परत लिंबाखाली जाऊन बसत होता, त्याच जागेवर. येणाऱ्या प्रत्येक एसटीला तो तसंच करायचा, हे मला टपरीवाल्याकडून नंतर कळलं. टपरीवाला त्याला पाव घालायचा.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी त्या रस्त्यावर कसे काढले ते माझं मला माहीत.  मी पंच वाजवणं सोडून दिलं, तोंडानं "तिकीट, तिकीट" ओरडत फिरायचो. ड्रायव्हर हसायचा, "मास्तर, पंच गहाण टाकला का?" फाट्यावर कुणी उतरणारं नसलं तर मी लांबूनच दोन घंट्या द्यायचो, म्हणजे थांबू नको, चल. हात करून उभी असलेली माणसं तशीच मागं राहायची. घरी गिरजा विचारायची, नांदेडच्या रस्त्याला नव्या ठिकाणी कुत्री कशी आहेत? मी सांगायचो. फाटा सोडून सगळं सांगायचो.

आणि मग नांदेडला तिच्या भावाच्या मुलीचं बारसं निघालं. ती म्हणाली, "तुमच्याच गाडीनं येते. वाटंत मी सोता बगते."

तिला दुसऱ्या गाडीनं पाठवायचे सगळे प्रयत्न करून झाले. ती माझ्या गाडीत डाव्या बाजूच्या खिडकीत बसली. मांडीवर फिरकीचा तांब्या, पदरात बांधलेली भाकरी. भाकरी कुणासाठी, हे मी विचारलं नाही. चाकूरला तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून बघितलं. अहमदपूरला खाली उतरून कँटीनच्या मागं जाऊन आली. मी मनात म्हणत होतो, आज फाट्याचं कुणी नसू दे.

अहमदपूरला एक म्हातारा चढला. खांद्यावर गाठोडं. "फाटा," म्हणाला.

मी त्याला म्हणालो, बाबा, पुढच्या गावापर्यंतचं देतो, तिथं उतरा. तो म्हणाला, माझं घर फाट्यावरून आत आहे, पुढं कशाला जाऊ? बरोबरच होतं. मी त्याला तिकीट दिलं. ड्रायव्हरला सांगितलं नाही.

ऊन माथ्यावर होतं. दुरून लिंब दिसला. मी मागच्या दाराशी उभा, हात घंटीच्या दोरीला. म्हातारा उठून गाठोडं सावरायला लागला. मी दोन घंट्या दिल्या. गाडीनं वेग घेतला.

"आरं थांबव, फाटा आला!" म्हातारा ओरडला. आणि गिरजा खिडकीतून मान बाहेर काढून, मग आत वळून मोठ्यानं म्हणाली, "अवो, म्हाताऱ्याला उतरायचंय! थांबवा की गाडी!"

तिचा आवाज फाट्यावर गेला.

मी मागच्या काचेतून बघत होतो. धुळीतून तो आला. आधी मला वाटलं, धूळच आहे. पण तो पळत होता, तोंड उघडं, जिवाच्या आकांतानं. भुंकत होता. म्हातारा माझा दंड धरून हलवत होता, प्रवासी शिव्या घालायला लागले, ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघत होता. थांबलो असतो तर तो दाराशी आला असता. म्हणून मी परत दोन घंट्या दिल्या. ड्रायव्हरनं खांदे उडवले आणि गाडी हाणली. किती वेळ पळाला तो? एक मैल? दीड? हळूहळू लहान होत गेला, मग एका वळणावर दिसेनासा झाला.

"कुत्रं भुकून राहिलं का वो?" गिरजानं विचारलं. तिची जागा पुढं होती, तिला मागचं दिसत नव्हतं.

"भटकं असंल," मी म्हणालो. "गाडीमागं पळतेत ते."

पुढच्या गावात म्हातारा उतरला. चार मैल त्याला उन्हात मागं चालत जायचं होतं. त्यानं शिवी दिली नाही. नुसतं म्हणाला, "तुमच्या घरात म्हातारं मानूस न्हाई का, मास्तर?" गिरजानं खिडकीतून आपला तांब्या त्याला दिला. अख्खा दिला, पाण्यासकट. मग पदर डोळ्यांवर ओढून बसली. तिला माझी लाज वाटत होती, पण ती मला काही बोलली नाही. पूर्वीची गिरजा असती तर भर गाडीत माझी सालटी काढली असती.

दुसऱ्या दिवशी परतीला मी फाट्यावर स्वतः एक घंटी देऊन गाडी थांबवली. लिंबाखाली कुणी नव्हतं. टपरीवाला म्हणाला, "काल एका गाडीमागं गेलं पळत. त्ये आलंच न्हाई माघारी. लई ऊन होतं." मी रस्त्यावर थोडा पुढं चालत गेलो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी परत येऊन गाडीत बसलो. नंतर कितीतरी महिने दोन्ही बाजूंचे खड्डे, मोऱ्या बघत जायचो. भुऱ्याचं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

गिरजानं पुन्हा कुत्रं पाळलं नाही. चार वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. कार्टी मोठी व्रात्य होती, मार खाण्यासारखं रोज वागायची. गिरजानं तिच्यावर कधी हात उचलला नाही. लोक कौतुक करायचे, काय शांत आई आहे. एकदा मुलीनं शेजारच्याची काच फोडली आणि शेजारीण दारात आली, तेव्हा गिरजाचा हात वर गेला आणि तसाच थांबला. मी समोर होतो. तिनं माझ्याकडं बघितलं. मला कारण ठाऊक होतं, आणि मी पेपर वाचत राहिलो.

गेल्या वर्षी ती गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती, शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. एका दुपारी मुलगी औषधं आणायला गेली होती, घरात आम्ही दोघंच. तिनं मला खाटेजवळ बोलावलं. मग म्हणाली, "तुमी इतक्या वर्षांत एकदाबी बोलला न्हाई. पन तुमच्या मनात राह्यलं असंल. तुमचा लई जीव होता त्याच्यावर. रोज हुडकत होता त्याला. मी लाटनं मारलं नसतं तर त्यो गेला नसता. मला माफ केलं का वो तुमी?"

आता भीती कशाची होती? मन्मथअप्पा जाऊन वीस वर्षं झाली होती. स्वतःचं घर होतं, नोकरी संपली होती, ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. पाच शब्दांचं काम होतं. मी तिचा हात हातात घेतला.

"केलं," मी म्हणालो. "केव्हाच केलं."

तिनं सलाईनचा हात कसाबसा उचलला, दुसऱ्या हाताला जोडला आणि मला नमस्कार केला.

त्यानंतर ती नऊ दिवस होती. शेवटच्या दिवसापर्यंत शुद्धीवर होती, आणि मी रोज तिच्या उशाशी बसून होतो.